जबड्यातला काळा डाग: 'तसलं काही नाही ना, डॉक्टर?'

दात वेडेवाकडे आहेत, तारा लावायच्या आहेत, म्हणून आई नववीतल्या मुलीला घेऊन येते. तारा लावण्याआधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात, त्याला ओपीजी म्हणतात. हनुवटी टेकवायची, पुढच्या दातांत एक कांडी धरायची, मशीन डोक्याभोवती फिरतं आणि पंधरा-वीस सेकंदांत काम संपतं. स्क्रीनवर चित्र उमटतं आणि खालच्या जबड्यात, दाढांच्या मुळांशी, सुपारीएवढा काळा डाग दिसतो. मुलीला काही दुखत नाही. गाल सुजलेला नाही. येताना वाटेत तिने भाजलेलं कणीस खाल्लंय, त्याचे दाणे अजून दातांत आहेत.

आई आधी स्क्रीनकडे बघते, मग माझ्याकडे. मुलीला म्हणते, "जा गं, बाहेर बस जरा." दार लोटलं की आवाज खाली येतो. "तसलं काही नाही ना, डॉक्टर?"

'तसलं' म्हणजे कॅन्सर. आपल्याकडे तो शब्द पोरांच्या बाबतीत उच्चारायचासुद्धा नसतो. कागदावर मी 'सिस्ट' लिहिते, घरी पोचेपर्यंत तिची 'गाठ' होते आणि संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर त्या गाठीचं पुढचं सगळं ठरूनही जातं. आईच्या प्रश्नाचं माझं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. पण 'बहुतेक वेळा' एवढ्याने आईचं समाधान होत नाही आणि व्हायलाही नको. म्हणून हा लेख.

काळं म्हणजे हाड कमी, एवढंच

एक्स-रेचे किरण कठीण वस्तूत अडतात. जिथे अडतात तिथे चित्र पांढरं येतं आणि जिथून आरपार जातात तिथे काळं. म्हणून दात आणि हाड पांढरं दिसतं. काळा डाग एकच गोष्ट सांगतो, की त्या जागी हाड कमी झालंय. त्या जागेत पाणी आहे, रक्त आहे, दह्यासारखं काही आहे, मऊ मांसाचा गोळा आहे की नुसतीच पोकळी आहे, हे डागाच्या रंगावरून कळत नाही. सगळंच काळं. बाजारात नारळ घेताना आपण तो कानाशी धरून हलवतो, पाणी वाजतंय का बघतो. जबडा हलवून बघायची सोय नाही.

आणखी एक. हाडातला क्षार साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर फरक जाणवतच नाही. म्हणजे डाग आज दिसला तरी तो आजचा नसतो. "मागच्या महिन्यात तर काहीच नव्हतं" असं आई म्हणते तेव्हा खरं तर मागच्या महिन्यात कोणी पाहिलेलं नसतं.

आता शब्दाचा अर्थ. सिस्ट, मराठी वैद्यकीय पुस्तकांत पुटी, म्हणजे शरीरात तयार झालेली पिशवीवजा पोकळी. तिच्यात पाणी, घट्ट द्रव किंवा हवा असते, पण ती पू साठून झालेली नसते. पुवाची पिशवी वेगळी, तिला आपण गळू म्हणतो. खऱ्या सिस्टला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं, कोटाला असतं तसं. ही अस्तराची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ तिच्यावर आहे.

दुसऱ्या हाडांत नाही, जबड्यातच का?

मांडीचं हाड, दंडाचं हाड, बरगड्या, कुठल्याही हाडापेक्षा जबड्यात सिस्ट जास्त होतात. कारण दात कसे तयार होतात त्यात आहे. बाळ पोटात सहा-सात आठवड्यांचं असतं तेव्हा तोंडाच्या आतल्या त्वचेची एक पट्टी खाली जबड्यात शिरते आणि तिच्यापासून दातांच्या कळ्या धरतात. म्हणजे हाडाच्या पोटात त्वचेच्या जातीच्या पेशी जाऊन बसतात. असं दुसऱ्या हाडांत घडत नाही.

दात तयार झाले की या पेशींचं काम संपतं. इमारत झाली की परांची उतरवतात, तसंच. पण दोन-चार बांबू भिंतीतच राहून जातात. दातांच्या मुळांभोवती उरलेल्या अशा पेशींचे पुंजके मालासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ साली दाखवून दिले. ते तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या जबड्यात आहेत आणि बहुतेकांच्या जबड्यात जन्मभर झोपून राहतात. कशाने तरी जाग आली, तर त्यांचंच अस्तर बनतं.

आणि तरुण वयातच का? कारण तेव्हा जबड्यात बांधकाम चालू असतं. सुळे अकरा-बारा वर्षांचे होताना खाली उतरतात, अक्कलदाढा सतरा-अठराच्या पुढे येतात किंवा येतच नाहीत. त्यातून याच वयात मुलं तारांसाठी येतात आणि आयुष्यातला पहिला पूर्ण एक्स-रे काढतात. म्हणजे काही अंशी हा शोधण्याचाही परिणाम आहे.

नेहमी भेटणाऱ्या दोघी

पहिली मेलेल्या दाताच्या मुळाशी होते. सगळ्या वयांचा हिशेब केला तर सर्वांत जास्त सापडणारी हीच. तिसरीत सायकलवरून पडला, पुढचा दात हळूहळू काळपट झाला, दुखत नाही म्हणून घरच्यांनी सोडून दिलं, आणि बारावीत वरच्या ओठामागे फुगवटा आला. दाताची नस कधीच मेलेली होती. मुळाच्या टोकाशी वर्षानुवर्षं धुमसत राहिलेल्या सुजेने त्या झोपलेल्या पेशी जाग्या केल्या.

दुसरी न आलेल्या दाताभोवती होते. मक्याच्या कणसाभोवती पानांचं वेष्टन असतं, तसं प्रत्येक न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती एक आवरण असतं. दात वर आला की ते आपोआप फाटतं. दात अडकला तर कधीकधी आवरण आणि दात यांच्या मध्ये पाणी साठू लागतं. एक्स-रेवर काळ्या गोलात पांढरा दात डोकं खुपसून बसलेला दिसतो. खालची अक्कलदाढ आणि वरचा सुळा या तिच्या आवडत्या जागा. तान्ह्या किंवा शाळकरी मुलांच्या हिरडीवर, येणाऱ्या दाताच्या डोक्यावर जो निळसर फुगा दिसतो तो हिचाच वरवरचा प्रकार. तो बहुधा दात आला की स्वतःच फुटून जातो, त्याला सुई लावायला धावू नका.

या पिशव्या मोठ्या कशा होतात? रात्री मनुके भिजत घातले की सकाळी टम्म फुगतात, तसंच काहीसं. अस्तराच्या झडलेल्या पेशी आत साठतात, आतला द्रव दाट होतो आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पिशवी आजूबाजूच्या हाडाला संथपणे रेटते, शिवाय अस्तरातून हाड विरघळवणारी रसायनंही पाझरतात. हे इतकं हळू चालतं की शरीर तक्रारच करत नाही. हाड पार पातळ झालं की बोटाने दाबल्यावर अंड्याच्या टरफलासारखं कुरकुरतं.

आत काहीच नसलेली

आता त्या नववीतल्या मुलीकडे. तिचा डाग गोल नव्हता. खालची कड सरळ होती आणि वरची कड दाढांच्या मुळांच्या मधमधून चढत गेलेली, देवघराच्या महिरपीसारखी. मुळं मात्र जागची हललेली नव्हती, झिजलेलीही नव्हती.

कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून तो एकेका दाताला टेकवला. पहिल्याला "आई गं". दुसऱ्याला "आई गं". चौथ्याला पोचेपर्यंत तिने माझा हात धरला होता. चारही दात जिवंत. म्हणजे मेलेल्या दाताची सिस्ट नव्हे. डागात न आलेला दातही नव्हता.

या साध्या तपासणीवर मी इतका जोर देते त्याला कारण आहे. डाग मुळांशी दिसला की 'इन्फेक्शन' समजून दोन-तीन दातांचं रूट कॅनॉल करून आलेली मुलं मी पाहिली आहेत. चांगल्या दातांची नस गेली, पैसे गेले, सहा महिन्यांनी डाग जिथल्या तिथे. दात जिवंत आहे का, हे गार बोळ्याने दोन मिनिटांत कळतं.

तिचं निदान होतं साधी हाड-सिस्ट. इंग्रजीत हिला निदान पाच-सहा नावं आहेत. एवढी नावं असली की समजायचं, कोणालाच नीट कळलेलं नाही. जबड्यातल्या अशा पोकळीचं पहिलं वर्णन १९२९ सालचं. १९४६ साली रश्टन यांनी तिच्या खुणा ठरवल्या: पोकळी एकच हवी, आत अस्तर नको, जंतुसंसर्ग नको, असलाच तर आत द्रव आणि चहूबाजूंनी हाडाची भिंत. अस्तर नाही म्हणजे काटेकोर बोलायचं तर ही सिस्टच नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलं. ती जास्त करून दहा ते वीस या वयात, खालच्या जबड्यात, आणि बहुधा अशीच योगायोगाने सापडते.

विद्यार्थी असताना मी पहिल्यांदा हे ऑपरेशन पाहिलं. हिरडी बाजूला केली, हाडात छोटी खिडकी पाडली, सरांनी लाइट आत वळवला आणि विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हटलं, "काहीच नाही." ते म्हणाले, "हेच लिहून ठेव." कधी तळाशी चमचाभर पिवळसर किंवा रक्ताळलेलं पाणी असतं, कधी तेही नाही.

उपचार तिच्याहून विचित्र. पोकळीच्या भिंती हलक्या हाताने खरवडायच्या, रक्त येऊ द्यायचं आणि हिरडी शिवून टाकायची. रक्ताची गुठळी पोकळीत बसते, तिच्या आधाराने नवं हाड भरतं, साधारण सहा महिने ते वर्षभरात. दात काढायचा नाही, रूट कॅनॉल नाही.

"म्हणजे पडल्यामुळेच झालं ना?"

हा बहुतेक वडिलांचा प्रश्न. त्यात कुणाला तरी धरायचं असतं, शाळेत ढकलणाऱ्या मुलाला नाहीतर क्रिकेटच्या बॉलला. जुना समज तसाच आहे: मार लागतो, हाडाच्या आत रक्त साठतं, ती गुठळी हाडात न बदलता विरघळून जाते आणि मागे पोकळी उरते. ऐकायला पटतं. पण बऱ्याच रुग्णांना मार लागल्याचं आठवतच नाही, आणि उलट, पंधरा वर्षांत एकदाही हनुवटीवर न पडलेलं पोर मला दाखवा. तेव्हा कुणाला बोल लावू नका.

दुसरी शंका हुशार मुलं स्वतःच काढतात: "हाड आपोआप भरत नाही का?" कदाचित भरतंही. मोठ्या वयात ही पोकळी क्वचित दिसते, त्यामुळे पुष्कळ जणांची नकळत भरून निघत असावी असा अंदाज आहे. म्हणून चित्र अगदी ठराविक असेल, तर काही सर्जन लगेच न उघडता ठरावीक काळाने एक्स-रे काढून लक्ष ठेवतात. उघडणाऱ्यांचं म्हणणं असं, की उघडल्याशिवाय आत काहीच नाही याची खात्री कशी देणार? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. डाग वाढत असेल तर मात्र मी थांबणार नाही.

हरळीसारखी

ज्या सिस्टला सर्जन खरोखर वचकून असतात ती केराटोसिस्ट. तिच्या आत दह्याच्या निवळीपासून चक्क्यापर्यंत कसाही दाट, पांढरट माल असतो. हे केराटिन, नखांत आणि केसांत असतं तेच. १९५६ साली तिला हे नाव मिळालं. ती फुगण्याऐवजी हाडाच्या पोकळ गाभ्यातून लांबीच्या दिशेने पसरते, त्यामुळे गालावर सूज यायला उशीर होतो आणि कळतं तेव्हा पार कानाखालपर्यंत पोचलेली असू शकते.

अस्तर कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. काढताना फाटतं, तुकडे मागे राहतात, शेजारी तिची बारीक पिल्लंही असतात. शेतात हरळी उपटणाऱ्याला वेगळं सांगायला नको: एक मुळी राहिली की पावसाळ्यात पुन्हा हिरवं. म्हणून काढल्यावर हाडाच्या भिंती थोड्या घासतात किंवा उरलेल्या पेशी मारणारं औषध लावतात, आणि पुढे वर्षानुवर्षं तपासणी.

जुनी फाइल असलेल्यांसाठी एक खुलासा. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली हिला सिस्टच्या यादीतून काढून ट्यूमरच्या यादीत टाकलं आणि २०१७ साली परत सिस्टमध्ये आणलं. मधल्या काळातल्या रिपोर्टवर 'केराटोसिस्टिक ओडोंटोजेनिक ट्यूमर' असं लिहिलेलं सापडेल. 'ट्यूमर' शब्द वाचून हातपाय गाळलेली माणसं मी पाहिली आहेत. आजार तोच होता, यादी बदलली.

एकाच मुलाच्या जबड्यात अशा दोन-तीन सिस्ट असल्या, तर मी तळहात बघायला मागते. तळहातावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे, घरात आणखी कुणाला असाच त्रास, असं काही सापडलं तर गॉर्लिन सिंड्रोम हा आनुवंशिक आजार आहे का ते तपासावं लागतं. त्यात पुढे त्वचेचे कर्करोग होतात. सावळ्या त्वचेत ते कमी दिसतात, म्हणून आपल्याकडे जबड्यातली सिस्ट हाच पहिला धागा ठरू शकतो.

रक्ताने भरलेली, झपाट्याने वाढणारी आणखी एक सिस्ट असते, तीही विशी-पंचविशीच्या आतली. गाल काही आठवड्यांत फुगला असेल तर ती डोक्यात ठेवून आधी स्कॅन करतात.

मग 'तसलं' कधी?

तरुणांच्या जबड्यात कर्करोग क्वचित असतो आणि साध्या सिस्टच्या अस्तराचा कर्करोग होणं तर फारच दुर्मीळ, तेही बहुधा उतारवयात. तरुणांत खरी फसगत वेगळी. अमेलोब्लास्टोमा नावाची, शरीरभर न पसरणारी पण जबडा पोखरणारी गाठ कोवळ्या वयात एका मोठ्या सिस्टच्या वेषात येते, अक्कलदाढेला मिठी मारून, हुबेहूब न आलेल्या दाताच्या सिस्टसारखी. एक्स-रे फसतो, मीही फसते. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहणारा पॅथॉलॉजिस्ट सहसा फसत नाही.

म्हणून माझा एकच हट्ट आहे. काढलेला प्रत्येक तुकडा तपासायला गेला पाहिजे, कितीही साधा दिसो. "साधी सिस्टच होती, काढून टाकली" एवढं सांगून कोणी घरी पाठवलं, तर विचारा, "रिपोर्ट कधी मिळेल?" तोंडाच्या आजारांचे वेगळे पॅथॉलॉजिस्ट असतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं नायर, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे त्यांचे विभाग आहेत.

खालचा ओठ बधीर होणं, दात आपोआप हलू लागणं, काही आठवड्यांत वाढणारी सूज, यातलं काही असेल तर तारीख पुढे ढकलू नका.

"सुईने पाणी काढून टाका की"

सुई आम्ही घालतो, पण आत काय आहे ते बघायला. गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी, घट्ट पांढरं, लालभडक रक्त किंवा नुसती हवा, प्रत्येकाचा इशारा वेगळा. उपचार म्हणून त्याचा उपयोग नाही. अस्तर जागेवर असेपर्यंत मनुका पुन्हा फुगणार. गोळ्यांचंही तेच. अँटिबायोटिकने वरचा जंतुसंसर्ग उतरतो, दुखणं थांबतं, पिशवी तशीच राहते. दुखणं थांबलं की लोक येईनासे होतात, हे त्यातलं वाईट.

दात जाणार? चेहरा वाकडा होणार?

सिस्ट मोठी असेल आणि एकदम काढायला गेलं तर जबडा मोडण्याची, ओठाची संवेदना देणारी नस दुखावण्याची भीती असते. त्यासाठी पार्च नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ साली मांडलेली युक्ती आजही वापरतात. पिशवी पूर्ण काढायची नाही. तिला तोंडात उघडणारी खिडकी पाडायची, कडा हिरडीला शिवायच्या आणि खिडकी उघडी राहील अशी सोय करायची. आतला दाब गेला की पिशवी आपोआप आकसते आणि मागून हाड भरत येतं. वाढत्या वयात हाड भरण्याचा वेग मोठ्यांना हेवा वाटावा असा असतो. अडकलेल्या दाताचं मूळ अजून पुरतं बनलेलं नसेल, तर पुष्कळदा तो दात स्वतःच वाट काढून जागेवर येतो.

यात कष्ट घरच्यांचे. महिनोन् महिने, रोज जेवल्यावर, सिरिंजने मिठाचं कोमट पाणी मारून ती खिडकी धुवायची. भाताचं शीत आत अडकलं की दुसऱ्या दिवशी वास येतो. पहिला आठवडा आई करते, मग मुलं आरशासमोर स्वतः सराईतपणे करतात. डाग मोठा असेल तोवर कबड्डी बंद.

इतके एक्स-रे?

एका ओपीजीतून मिळणारं रेडिएशन, जमिनीतून आणि आकाशातून आपल्याला एरवी दोन-चार दिवसांत मिळतं साधारण तेवढं. थ्रीडी स्कॅनला त्याहून बरंच जास्त लागतं, म्हणून तो ऑपरेशनचं नियोजन करताना काढायचा, उठसूट नाही. डॉक्टर बदललात तर जुन्या फिल्म बरोबर न्या. नवी फिल्म आज काय आहे तेवढंच सांगते. दोन वर्षांपूर्वीची शेजारी ठेवली की डाग वाढतोय, थांबलाय की भरतोय ते दिसतं.

त्या मुलीच्या आईने रिपोर्ट, सीडी आणि पहिली फिल्म रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली होती. वर्षाने आल्या तेव्हा त्या पिशवीतून आधी लाइटबिल निघालं, मग फिल्म. दोन्ही चित्रं शेजारी लावली. महिरप गेली होती. तिच्या जागी हाडाची करडी, बारीक जाळी होती, थोडी फिकट, पण होती. तारा पुढच्या महिन्यात लावायच्या ठरल्या, परीक्षा झाल्यावर.